उपराष्ट्रपतिपदाचा अनुभव आणि नारायणगुड्याची साक्ष

९ सप्टेंबर २०२५ रोजी झालेली उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक आता मागे पडली आहे. श्री. सी. पी. राधाकृष्णन् यांस ४५२ मते पडली, न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांस ३०० पडली आणि १५ मते बाद ठरली. तिसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबरास, श्री. राधाकृष्णन् यांनी शपथ घेतली. संख्याबळ कोणत्या बाजूस आहे हे अर्ज भरण्यापूर्वीच सर्वांस ठाऊक होते. त्यामुळे निकालाविषयी नवे असे काही लिहिण्याजोगे नाही. परंतु या लढतीने एक प्रश्न मागे ठेवला आहे, आणि तो निकालाबरोबर निकालात निघालेला नाही. ज्याने आयुष्यात कधी मतांचा जोगवा मागितला नाही, पक्षाचा झेंडा खांद्यावर घेतला नाही, विधिमंडळाच्या बाकावर एक दिवस काढला नाही, अशा माणसास राज्यसभेच्या सभापतीच्या आसनावर बसविणे शहाणपणाचे ठरले असते काय? एका बाजूस दोनदा कोइमतूरहून लोकसभेवर गेलेले, तामिळनाडूत पक्षाचे प्रांताध्यक्ष राहिलेले, झारखंड व महाराष्ट्र या राज्यांचे राज्यपालपद भूषविलेले गृहस्थ. दुसऱ्या बाजूस हैदराबादेत वकिली करून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेले निवृत्त न्यायाधीश. राजकीय अनुभवाच्या तराजूत घातले तर पारडे कोठे झुकते हे शाळकरी मुलासही सांगता येईल. आमचा आक्षेप त्या तराजूवरच आहे.

सीमाभागातील वाचक म्हणतील की दिल्लीच्या या मानाच्या खुर्चीशी आमचा संबंध काय? बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, बिदर, भालकी येथील मराठी माणसास उपराष्ट्रपती कोण, याने काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो असा. आमच्या ८६५ गावांचा प्रश्न २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तेथे काहीही होवो, राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेस दिला आहे, आणि असे विधेयक राज्यसभेतूनही जावे लागते. तेथे आसनावर उपराष्ट्रपती असतो. असे विधेयक कसे संमत होते हे देशाने २०१४ सालच्या फेब्रुवारीत पाहिले आहे. तेलंगणनिर्मितीचे विधेयक १८ तारखेस लोकसभेत गदारोळात आणि प्रक्षेपण बंद असताना संमत झाले. २० तारखेस राज्यसभेतही गोंगाट काही कमी नव्हता. तेलंगणच्या जनतेची मागणी न्याय्य होती असेच आमचे मत होते व आहे. परंतु ज्यांचा विरोध होता त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकले गेले असे कोणासही म्हणता येणार नाही. उद्या आमच्या प्रश्नाची पाळी येईल तेव्हा आम्ही त्या सभागृहात मूठभर असू. मूठभरांस आधार असतो तो आसनाचा.

आता अनुभवाच्या बाजूने जे सांगितले जाते ते खोटे आहे असे नाही. सभागृह म्हणजे न्यायालय नव्हे. न्यायाधीशापुढे वकील अदबीने उभा राहतो. सभागृहात सभासद हौद्यात उतरतो. न्यायाधीश निकाल राखून ठेवतो, महिन्याने वाचून दाखवितो; सभापतीस हरकतीच्या मुद्द्यावर उभ्या उभ्या निर्णय द्यावा लागतो. दोन पक्षांचे नेते बंद खोलीत बसवून दुपारच्या कामकाजाचा मार्ग काढणे ही कला कायद्याच्या पुस्तकात नाही. डॉ. हमीद अन्सारी हे मुत्सद्दी व विद्वान. २००७ साली त्यांची निवड झाली तेव्हा त्यांच्यापुढे उभ्या होत्या डॉ. नजमा हेपतुल्ला. महाराष्ट्रातून वर्षानुवर्षे राज्यसभेवर गेलेल्या आणि त्या सभागृहाचे उपसभापतिपद दीर्घकाळ सांभाळलेल्या या बाईंइतका आसनाचा अनुभव देशात दुसऱ्या कोणास होता? तरी त्यांस २२२ मते पडली आणि अन्सारींना ४५५. पुढे २९ डिसेंबर २०११ च्या मध्यरात्री लोकपाल विधेयकावर मतदान न होताच गोंधळात राज्यसभा तहकूब झाली, तेव्हा पुष्कळांस वाटले की येथे मुरब्बी संसदपटू असता तर काही निराळे घडते. घडते किंवा न घडते. परंतु ही शंका निराधार म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही.

तथापि, उलट बाजूचा पुरावा अधिक वजनदार आहे. संविधानाच्या ६६ व्या अनुच्छेदाने या पदास पात्रता सांगितली ती एवढीच: उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याचे वय ३५ पूर्ण असावे, राज्यसभेवर निवडून येण्यास तो पात्र असावा, लाभाचे पद त्याजपाशी नसावे. अनुभवाचा शब्दही तेथे नाही. संविधानकर्त्यांच्या ध्यानातून तो निसटला असेल असे मानण्यास आम्ही तयार नाही. पहिलेच उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक. संविधान सभेत ते बसले होते, मॉस्कोस राजदूत म्हणून गेले होते. परंतु प्रचारसभा, तिकिटवाटप, गटबाजी यांच्याशी त्यांचा संबंध नव्हता. १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही वेळी ते बिनविरोध निवडले गेले. त्यांच्यामागून आलेले डॉ. झाकिर हुसेन शिक्षणाच्या कामात हयात घालविलेले, जन्माने हैदराबादचे. १९७९ साली न्यायमूर्ती हिदायतुल्ला बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले हे गृहस्थ कोणत्या पक्षाच्या कचेरीत सतरंज्या उचलीत मोठे झाले होते? त्यांच्या कारकिर्दीत आसनाची प्रतिष्ठा उणावली असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

उलट, अनुभवाने परिपूर्ण अशी अलीकडची कारकीर्द पाहावी. श्री. जगदीप धनखड हे वकील होते, १९८९ साली लोकसभेवर गेले, केंद्रात राज्यमंत्री झाले, राजस्थान विधानसभेत बसले, पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. अनुभवाचे एकही पान कोरे नव्हते. त्याच कारकिर्दीत, २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात, राज्यसभेचे ४६ सभासद निलंबित झाले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये उपराष्ट्रपतीस पदावरून दूर करण्याची सूचना विरोधी सभासदांनी दिली. प्रजासत्ताकाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. ती सूचना तांत्रिक कारणास्तव फेटाळली गेली हे खरे, आणि सभासदांचे वर्तनही नेहमी वाखाणण्यासारखे नव्हते हेही खरे. परंतु राजकीय अनुभव म्हणजे आपोआप सर्वांचा विश्वास, हे समीकरण तेथे मोडले. २१ जुलै २०२५ रोजी श्री. धनखड यांनी मुदतीपूर्वी राजीनामा दिला म्हणूनच तर ही निवडणूक झाली.

मग न्यायाधीशच बरे, असे म्हणून आम्ही मोकळे व्हावे काय? सीमाभागातील माणसाने तरी तसे म्हणू नये. न्यायमूर्तीची झूल पाहून भुलण्याइतके आम्ही भोळे राहिलेलो नाही. राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष फाजल अली हे न्यायाधीशच होते. बेळगाव शहर कर्नाटकाच्या पदरात टाकण्याची शिफारस त्याच आयोगाची. १९६६ साली सेनापती बापटांनी प्राण पणास लावले तेव्हा कोठे दुसरा आयोग मिळाला, त्याचे एकमेव सभासद मेहेरचंद महाजन. ते तर देशाचे माजी सरन्यायाधीश, शिवाय १९४७-४८ साली जम्मू-काश्मीरचे पंतप्रधानपद सांभाळलेले. म्हणजे न्यायासनही पाहिलेले आणि राजकारणही. त्यांच्या १९६७ च्या अहवालाने २६४ गावे महाराष्ट्रास देऊ केली, २४७ गावे कर्नाटकास, आणि बेळगाव होते तेथेच ठेवले. त्या अहवालास आम्ही आजवर मान दिलेला नाही. राजकारणी म्हणाल तर तोही अनुभव आमच्या गाठीस आहे. जमखंडी संस्थानचा आणि मुंबई राज्याचा कारभार पाहिलेले, मराठी मुलखाची नाडी जाणणारे श्री. बी. डी. जत्ती १९५८ साली म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री झाले. १९६० ची चौसदस्य समिती त्यांच्याच काळात बसली आणि काही निष्पन्न न होता उठली. हेच जत्ती १९७४ साली उपराष्ट्रपती झाले. तेव्हा काळा झगा की खादीची टोपी, या वादात सीमावासीयांनी पडण्याचे कारण नाही. दोहोंकडून आम्ही भोगले आहे.

तर मग पाहावयाचे काय? याचे उत्तर आम्हांस हैदराबादेत, नारायणगुडा भागात सापडते. १९५६ पूर्वी बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. तिकडील जुन्या घराण्यांस नारायणगुडा हे नाव परके नाही. तेथे १९४० साली आर्यसमाजी कार्यकर्त्यांनी न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ केशव मेमोरियल ही संस्था उभी केली. केशवराव मूळचे परभणीकडचे मराठी वकील. निजामी अमलात, सभा भरविण्यासही परवानगी लागे अशा काळी, वामनराव नाईकांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विवेकवर्धिनी शाळा नावारूपास आणली आणि पुढे ते तेथील उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्या राज्यात निवडणुका नव्हत्या, कायदेमंडळ नावापुरते होते. आजच्या मोजमापाने केशवरावांचा राजकीय अनुभव शून्य भरेल. परंतु मराठवाड्यातील दोन पिढ्यांस सार्वजनिक कामाची अक्षरे ज्यांनी गिरवावयास दिली त्यांत हे नाव अग्रभागी आहे.

त्याच नारायणगुड्यात दुसरी एक संस्था आहे: माडपाटी हनुमंतरावांनी चालविलेली तेलुगू मुलींची शाळा. तिची हकीकत आम्हा मराठी लोकांनी ऐकावी अशी आहे, जरी ती ऐकताना मान थोडी खाली जाते. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातील समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते महर्षी धोंडो केशव कर्वे. मराठी, उर्दू, इंग्रजी भाषणे झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उठले आणि आपल्या तेलुगू भाषेत बोलू लागले. सभेत मराठी मंडळी बहुसंख्य होती. त्यांनी टाळ्या पिटून, गलका करून त्यांस खाली बसविले. विषय स्त्रीशिक्षण व सुधारणा, अध्यक्ष कर्व्यांसारखा ऋषितुल्य पुरुष, सभागृह आमच्याच शाळेचे. आणि तेथे एका माणसास त्याच्या राज्यातील सर्वांत मोठ्या लोकसमूहाच्या भाषेत चार वाक्ये पुरी करता आली नाहीत! त्याच रात्री काही तेलुगू तरुण एकत्र जमले आणि आंध्र जनसंघाचा जन्म झाला. हनुमंतराव त्या चळवळीचे आधारस्तंभ. ग्रंथालये, शाळा, सभा, संमेलने असे काम करीत त्यांनी तेलंगणात भाषेचा अभिमान जागविला, आणि मुलींची ती शाळा हे त्या कामाचेच फळ. सत्तेच्या वाटेने त्यांचे आयुष्य गेले नाही. १९५१ साली ते हैदराबादचे महापौर झाले. आणि १९५८ मध्ये आंध्र प्रदेशाची विधान परिषद स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले सभापती म्हणून निवड झाली ती याच हनुमंतरावांची.

हा योगायोग आम्हांस बोलका वाटतो. ज्या चळवळीचा जन्म एका वक्त्यास बोलू न दिल्यामुळे झाला, त्या चळवळीचा माणूस वरिष्ठ सभागृहात कोणी बोलावे व कोणी बसावे हे ठरविणाऱ्या आसनावर गेला. गलक्यात बुडालेला आवाज कसा असतो हे ज्यास ठाऊक आहे त्याच्या हाती घंटा द्यावी, यापेक्षा निराळी पात्रता या पदास आम्ही मानीत नाही. संविधानही तेच सुचविते. १२० व्या अनुच्छेदाप्रमाणे, ज्या सभासदास हिंदीत किंवा इंग्रजीत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही त्यास मातृभाषेत बोलण्याची परवानगी सभापती देऊ शकतो. राज्यांच्या विधिमंडळांसाठी २१० व्या अनुच्छेदात तशीच तरतूद आहे. परवानगी देऊ शकतो; दिलीच पाहिजे असे नाही. सारे त्या आसनावरील माणसाच्या कानावर अवलंबून. बेंगळुरूच्या विधानसभेत सीमाभागाचा प्रतिनिधी मराठीत तोंड उघडतो तेव्हा काय होते हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. येथे श्री. वेंकय्या नायडू यांचे श्रेय त्यांस दिले पाहिजे. ते मुरलेले पक्षकार्यकर्ते. परंतु २०१८ साली राज्यसभेत आठव्या परिशिष्टातील सर्व २२ भाषांतून बोलण्याची व भाषांतराची सोय त्यांच्याच सभापतिपदाखाली पूर्ण झाली, कोकणीसकट. राजकीय अनुभवाने त्यांचे कान बंद केले नव्हते.

या कसोटीवर न्यायमूर्ती रेड्डी यांस लावून पाहू. रंगारेड्डी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात जन्म, उस्मानिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण, १९९५ मध्ये उच्च न्यायालय, २००५ मध्ये गुवाहाटीस मुख्य न्यायाधीश, २००७ पासून सर्वोच्च न्यायालय. निवृत्तीच्याच आठवड्यात, जुलै २०११ मध्ये, त्यांच्या खंडपीठाने दोन निर्णय दिले. परदेशी दडविलेल्या पैशाच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे हा एक. तेव्हाच्या सरकारने तो रेंगाळविला आणि २०१४ मध्ये आलेल्या सरकारने अमलात आणला. दुसरा छत्तीसगडमधील सलवा जुडूमचा: अल्पशिक्षित आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांस विशेष पोलीस म्हणून नक्षलवाद्यांपुढे उभे करणे घटनाबाह्य ठरविले गेले. निवडणुकीच्या प्रचारात केंद्रीय गृहमंत्र्यांनी याच निर्णयावर बोट ठेवले. निर्णयाशी मतभेद असू शकतो. नक्षलवादाची झळ गडचिरोलीस लागलेली आहे आणि तेथील माणसाने हा प्रश्न निराळ्या डोळ्यांनी पाहिला तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु ज्यांचा कोणी वाली नाही अशांचे गाऱ्हाणे सरकारच्या गर्जनेवरही ऐकले जाऊ शकते, हे त्या निकालपत्राने दाखविले. आमच्या हिशेबी हा अनुभव आहे, आणि थोडाथोडका नव्हे.

उणी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. २०१३ च्या मार्चमध्ये गोव्याचे पहिले लोकायुक्त म्हणून ते पणजीस आले आणि ऑक्टोबरात वैयक्तिक कारण देऊन पद सोडून गेले. गोमंतकातील आमच्या मराठी बांधवांस त्या नव्या संस्थेपासून पुष्कळ आशा होती. सात महिन्यांत तिला पोरके करणे आम्हांस रुचले नाही, कारण वैयक्तिक असले तरी. पाच वर्षे रोज गोंगाटात बसण्याची चिकाटी त्यांच्यात होती काय, हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरत नाही. अनुभव कमी म्हणून जे नाक मुरडीत होते त्यांनी हा प्रश्न विचारावयास हवा होता. तो निदान मुद्द्याचा होता.

आणखी एका गोष्टीची नोंद करू. तेलंगणच्या मुख्यमंत्र्यांनी तेलुगू खासदारांस तेलुगू सुपुत्र म्हणून साद घातली. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी राज्यपालांसाठी श्री. शरद पवार व श्री. उद्धव ठाकरे यांजकडे पाठिंबा मागितला. दोन्ही हाका वाया गेल्या. आंध्रातील दोन्ही मोठे पक्ष रेड्डींच्या विरुद्ध बाजूस राहिले, आणि तेलंगणचाच भारत राष्ट्र समिती हा पक्ष युरियाच्या टंचाईचा निषेध म्हणून मतदानापासून दूर राहिला. आम्ही भाषेच्या प्रश्नावर उभे असलेले लोक. तरीही याचे आम्हांस वाईट वाटत नाही. भाषिक राज्य मागणे निराळे आणि सभापती आपल्या भाषेचा मागणे निराळे. २००२ साली सोलापूरचे श्री. सुशीलकुमार शिंदे याच पदास उभे होते आणि ३०५ मते घेऊन पराभूत झाले. १९८४ साली बापूसाहेब चंद्रसेन कांबळे २०७ मतांवर थांबले. दोघेही मराठी, दोघांचाही अनुभव दांडगा. ते निवडून आले असते तर आम्हांस आनंद झाला असता, परंतु बेळगाव त्यामुळे महाराष्ट्रात आले नसते.

श्री. राधाकृष्णन् यांच्याशी आमचे वैर नाही. वर्षाहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी एकमताने केलेला ठराव मुंबईच्या राजभवनास अपरिचित असण्याचे कारण नाही. १२० व्या अनुच्छेदाची ती परवानगी आता त्यांच्या हाती आहे, आणि त्यांची मुदत २०३० च्या सप्टेंबरात पुरी होईल. त्या वेळी महाराष्ट्राच्या खासदारांकडे जे कोणी उमेदवार मत मागावयास येतील त्यांस त्यांनी किती निवडणुका लढविल्या हे विचारू नये. तिसऱ्या अनुच्छेदाखालील विधेयकावर अल्पमतातील सभासदास किती वेळ देणार, आणि मराठीत बोलावयास उठलेल्या सभासदास परवानगी देणार की नाही, एवढे त्यांच्याकडून लेखी घ्यावे.